नाकाडेमामा जिन्यात काय म्हणाले

आमच्या घरात पहिली खोली छापखान्याची आणि मागच्या दोन खोल्या माणसांच्या. पाहुणा आला की आधी त्याच्या नाकात शाई जायची आणि मग चहाचा वास. ट्रेडल मशीन खटाक-खट चालू असलं की आई स्वयंपाकघरातून ओरडून बोलायची आणि मशीन थांबल्यावरही ओरडूनच बोलायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोटासाठी लग्नपत्रिका छापत आणि मनासाठी पत्रकं. पाण्याची पत्रकं, ऊसतोड्यांची, हुंड्याविरुद्धची, अंगणवाडीताईंच्या मोर्चाची. कळंबात ज्याला काही मोठ्यानं म्हणायचं असेल तो आधी आमच्या उंबऱ्यावर येई. उरलेल्या पत्रकांवर आई पापड वाळत घाली, कपाटात तीच अंथरी, माझ्या वह्यांना कव्हरंही त्यांचीच. इतर पोरं ‘कमळ’ आणि ‘गवत’ गिरवून शिकली. मी ‘बंधू-भगिनींनो’पासून शिकले आणि ‘झालाच पाहिजे’पर्यंत आले.

छापखान्यात माझं काम वाचायचं होतं. जुळाऱ्यानं अक्षरांचे खिळे जुळवले की पहिला कागद निघायचा. तो अण्णा हातात धरत, आणि मी मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायची, स्वल्पविरामासकट. अण्णा ताडून बघत. मी दहा-अकरा वर्षांची असताना एका पुढाऱ्याचं पत्रक आलं. हा माणूस अण्णांना मुळीच आवडत नसे, मलाही म्हणून आवडत नसे. त्यात ‘गोरगरिबांचे कैवारी’ असं स्वतःबद्दलच लिहिलेलं होतं. मी ते दोन शब्द गाळून वाचले. अण्णांना वाटलं जुळाऱ्यानं जास्तीचे घातले, त्यांनी खिळे काढून टाकले. पत्रक तसंच छापून गेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलं. अण्णांनी मला मारलं नाही. सगळं पुन्हा जुळवायला बसवलं आणि एवढंच म्हणाले, “उजे, लिहिलंय ते वाच. पटलं न्हाय तर खाली आपली सही करून आपलं येगळं पत्रक काढ. दुसऱ्याच्या पत्रकात आपलं घालायचं न्हाय आन् त्याचं काढायचंबी न्हाय.” हे वाक्य मी पाठ केलं. पाठ केलेलं पाळलं जातंच असं नाही, हे पुढं कळलं.

पस्तिशीतल्या बाईनं आठवणी लिहायला बसू नये, असं मला दोघातिघांनी सुचवलं आहे. त्यांची सूचना मी वाचली. पटली नाही, म्हणून हे माझं वेगळं पत्रक.

बारावीची परीक्षा दिली आणि निकालापर्यंत मोकळी होते, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीत रझियाआपांचा शिवणक्लास होता. आपा पन्नाशीच्या, अंगानं किरकोळ, पण कापडावर कात्री धरली की पैलवानासारख्या उभ्या राहत. एका लांबट पत्र्याच्या खोलीत सहा मशिनी, भिंतीला लाकडी फळी, फळीवर टीव्ही आणि सीडी प्लेअर. आपांचा भाऊ पुण्यात भंगाराचा धंदा करायचा. कुठलासा सिनेमा बघणाऱ्या हौशी लोकांचा क्लब बंद पडला होता, त्यांच्या सीड्यांचं एक खोकं भावाच्या गाड्यावर आलं, आणि “वरच्या फोटोत बायांचे कपडे लई छान हायेत, तुझ्या कामाचे हायेत” म्हणून त्यानं ते बहिणीला पाठवून दिलं. आत सगळे फ्रेंच सिनेमे. काळेपांढरे, आमच्या आज्या तरण्या होत्या त्या काळातले.

आपांना खरंच फक्त कपडे बघायचे होते. “त्या बाईच्या कोटाचा खांदा बग. आत कायतरी घातलंय, त्याबिगर असा उभा न्हाय राहत,” असं म्हणून त्या टीव्हीजवळ जात आणि काचेवर बोट ठेवून चुन्या मोजत. पण बायांना गोष्ट हवी होती. सिनेमाच्या खाली पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळी यायच्या, दोन क्षण थांबायच्या आणि पळून जायच्या. गल्लीत इंग्रजी भरभर वाचणारी मी एकटीच. तेव्हा लाईट बारा ते तीन एवढीच असायची. मी बाराला जाऊन टीव्हीशेजारच्या स्टुलावर बसायची आणि ओळ आली की आमच्या भाषेत म्हणायची. बाया काज-बटणं करत, हेम घालत, वर न बघता ऐकत आणि ऐन वेळी बरोबर वर बघत. मध्ये आपांच्या घरातून कुरमुऱ्यांचा सुशीला यायचा, वर कच्चा कांदा आणि शेंगदाण्याचं कूट. तोंडात घास असताना ओळ आली तर ती हुकायची. “खा नंतर, ती काय म्हनली ते सांग,” असं शेवंताकाकू दटावत. त्या साठीच्या होत्या, शिवण शिकून झालं होतं, आता फक्त सिनेमाला येत.

पहिले काही दिवस आम्ही बुचकळ्यात पडलो, कारण त्यात हिरो दिसेना. हिंदी सिनेमात हिरो कोण हे आल्याबरोबर कळतं. इथं एक ढेरपोट्या माणूस सूप पीत बसलेला, दुसरा टकला, तिसऱ्याला एवढं मोठं नाक, आणि अर्ध्या तासानं कळायचं की हाच तो. “ह्यो हिरो?” काकू म्हणाल्या. “आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी ह्येच्यापेक्षा बरा.” पण तीनचार सिनेमांत त्या तोंडांची सवय लागली. तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटत. त्यांची खरी नावं आम्हाला म्हणता येईनात, तेव्हा बायांनीच नावं ठेवली. बारीक मिशीवाला ‘तलाठी’. सारखी भुवई उडवणारी ‘मावशी’. आणि मोठ्या नाकाचे, जड हातांचे, कमी बोलणारे ते ‘नाकाडेमामा’. एका सिनेमात मामा चोर होते, दुसऱ्यात पाद्री, तिसऱ्यात आगगाडीखाली मेले. चौथ्यात कोंबड्या विकताना दिसले तेव्हा काकूंनी हातातली सुई थांबवली. “मागल्या गुरुवारी मेलते की हे.” “बरे झाले,” आपा म्हणाल्या आणि कोटाची कॉलर बघू लागल्या.

या नटांबद्दल मी पुढं बरंच शोधून वाचलं. कुणी सर्कशीतून आलेले, कुणी तमाशासारख्या गाण्याबजावण्याच्या थेटरातून, कुणी दुकानदाराचा मुलगा. शनिवारी पगार झाला की कामगार बायकापोरांना घेऊन त्यांना बघायला जात, आणि आपल्यासारखाच थकलेला चेहरा पडद्यावर एवढा मोठा झालेला बघत. रस्ते, पूल, गल्ल्या बहुतेक स्टुडिओत बांधलेल्या, पाऊस नळातला. पुढं तिथल्याच तरण्या लेखकांनी हा सगळा बापाच्या पिढीचा जुनाट सिनेमा म्हणून मोडीत काढला आणि कॅमेरे घेऊन खऱ्या रस्त्यावर उतरले. विशीत मी हे वाचलं तेव्हा त्या तरण्यांच्या बाजूनं होते. आता कुठल्या बाजूनं आहे ते विचारू नका. नाकाडेमामा आठवले की बाजू डळमळते.

तर, माझी चूक. ती एकदम झाली नाही. आधी मी फक्त सोपं करायची. मग लक्षात आलं की एखादं वाक्य ठसक्यात टाकलं की बाया मान डोलावतात. एका सिनेमात कामवाली मालकिणीला “बरं, बाईसाहेब” म्हणाली. मी तिला “बरं, पण बाईसाहेब, आमचीबी पाठ हाडामासाचीच हाय” म्हणायला लावलं. हे अण्णांच्या एका पत्रकातलं वाक्य. काकूंनी मांडीवर थाप मारली. “वा गं बया.” त्या थापेची चटक लागली. मग फ्रान्समधले न्हावी, मोलकरणी, कोळी सगळे कळंबच्या छापखान्यातलं बोलू लागले. मला त्यात पाप वाटत नव्हतं. वाटत होतं, त्यांना म्हणायचं हेच होतं, लिहिणाऱ्याला धीर झाला नाही.

मग तो साखर कारखान्याचा सिनेमा लागला. तिकडं साखर बीटाची करतात, हे पाहून सगळ्या क्लासनं हात थांबवले. “बीटाची? मग लाल कशी होत न्हाय?” यावर पंधरा मिनिटं वाद झाला आणि तेवढ्या ओळी हुकल्या. गोष्ट अशी: कारखान्यात संप होतो. नाकाडेमामा वजनकाट्यावर कामाला. त्यांच्या बायकोचा भाऊ संपाचा पुढारी. बायको घरी मशीनवर संपकऱ्यांचे फाटके कोट शिवून देते. आणि अकराव्या दिवशी मामा गुपचूप मागच्या दारानं कामावर जातात. का जातात ते सिनेमात कुणीच सांगत नाही, मामा तर नाहीच. बायको काही न बोलता पेटी भरते आणि गावात दुसरीकडं तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहते. मशीन जड, ते मागंच राहतं. शेवटी मामा ते मशीन खांद्यावर घेऊन तीन जिने चढून येतात. मध्ये प्रत्येक वळणावर टेकवतात, घाम पुसतात. वर तिच्या दारात ठेवतात आणि दोन ओळी बोलतात.

त्या दोन ओळी मी वाचल्या, आणि माझं डोकं फिरलं. संप फोडलेला माणूस, आणि त्याला इतकं साधं बोलून सुटू द्यायचं? आमच्या घरात ‘फितूर’ हा शब्द शिवीच्याही वरचा होता. मी मामांना बोलायला लावलं, “मशीन पाहिजे का? मग मुकाट्यानं घरी चल. खाली गाडी उभी हाय.” आणि गप्प उभ्या असलेल्या बायकोला, “फितुराच्या हातचं मला काय नको.” मामा जिना उतरू लागले, एवढ्यात तीन वाजले आणि लाईट गेली. टीव्ही टक करून काळा झाला. बायांनी टाळ्या वाजवल्या. आपांनी वाजवल्या नाहीत. त्या काळ्या काचेकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “गाडी उभी हाय म्हनला?” मी म्हटलं, “हौ.”

क्लासमध्ये कडेच्या मशिनीवर सुनंदा बसायची. माकणीला दिलेली, माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठी, दीड वर्षापासून माहेरी. सासूला आणि दिराला तिनं बाहेरच्या लोकांचं शिवणं पसंत नव्हतं. एक दिवस दिरानं लोकांचे कपडे अंगणात फेकले. नवरा टेम्पो चालवायचा, तो तेव्हा ओट्यावर चहा पीत होता. “मारलं-बिरलं न्हाय,” सुनंदा सांगायची. “मालक एक शब्द बोलले न्हायत. चहा पिऊन बशी खाली ठिवली.” ती तशीच निघून आली. लग्नात वडलांनी घेऊन दिलेलं मशीन तिकडंच राहिलं. आपांच्या मशिनीवर ती शिवायची, पण क्लासच्या वेळातच. स्वतःचं मशीन असतं तर माहेरी भावावर भार न होता ती उभी राहिली असती.

सिनेमा झाल्यावर चारच दिवसांनी तिच्या भावाच्या फोनवर नवऱ्याचा निरोप आला. बुधवारी माल घेऊन बीडकडं चाललोय. सकाळी दहाला येरमाळ्याच्या फाट्यावर मशीन उतरवतो. येऊन घेऊन जावं. एवढाच.

मंगळवारी क्लासमध्ये शिवणं बाजूला राहिलं. “जाऊ का नको?” सुनंदानं विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत तिनंच दिलं. “मशीन दाखवून टेम्पोत बसवत्याल आन् माकणीला नेत्याल. दीरबी आला आसंल संगं. त्या बाईला न्हाय का मामा म्हनले, खाली गाडी उभी हाय म्हनून.” काकू म्हणाल्या, “खरं हाय. सिनेमावाले काय येडे हायेत का? पुरुषजात तिकडंबी तीच.” “तिनं न्हाय म्हनलं,” सुनंदा म्हणाली. “म्याबी न्हाय म्हनते. नेऊ दे मशीन बीडाला.”

मी स्टुलावर बसले होते. मला दोन गोष्टी एकदम वाटल्या, आणि पहिली कबूल करायला आजही जड जातं. पहिली ही, की बरोबर आहे, नकोच जायला. माझं खोटं माझ्या मताच्या कामी आलं होतं. दुसरी ही, की उद्या दहा वाजून गेले की ते मशीन टेम्पोतून पुढं जाईल, आणि ते मी पाठवलेलं असेल.

“उजू,” आपा म्हणाल्या, “ती सीडी लाव. मामांचा जिना.”

“आपा, लाईट जाईल आता.”

“सव्वा झालाय. लाव.”

मी लावली. आपांनी उठून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. एरवी ते सर्दी झाल्यासारखं नाकातलं बोलणं चालू असायचं, त्यात माझा आवाज मिसळून जायचा. आता खोलीत नुसता पंखा. मामा मशीन घेऊन चढत होते. एक वळण, टेकवलं, घाम पुसला. दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर त्यांनी मशीन खाली ठेवताना आधी स्वतःचा पाय खाली घातला, म्हणजे फरशीवर आदळू नये. हे मी आधी बघितलंच नव्हतं. मी ओळींकडं बघत होते. दार उघडलं. मामांचं तोंड अख्ख्या काचेवर आलं आणि ओठ हलले.

“पोरी,” आपा म्हणाल्या, “मी तीस वर्सं लोकांची मापं घेती. माप घेताना मानूस खोटं उभा राहिला तर मला कळतं. ह्यो मानूस धमकी देत न्हाय. इमानानं सांग, काय म्हनतोय?”

सुनंदा माझ्याकडं बघत होती. मी सीडी मागं घेतली आणि वाचलं. लिहिलेलं. स्वल्पविरामासकट.

“‘खालचं चाक घासत होतं, तेल घातलंय.’” मग दुसरी ओळ. “‘मी खाली थांबत नाही.’”

“आन् गाडी?” काकूंनी विचारलं.

“गाडी न्हाय.”

“आन् ती काय म्हनती?”

“काहीच न्हाय. ती बोलतच न्हाय. ते मी घातलं.”

काकू म्हणाल्या, “मग त्या कामवालीची पाठ?” “तेबी मीच,” मी म्हटलं. काकूंना त्याचंच जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

सीडी चालूच होती. त्या दिवशी लाईट गेल्यामुळं राहिलेलं आम्ही सगळ्यांनीच पहिल्यांदा बघितलं, मीसुद्धा. मामा खाली रस्त्यावर येतात. टोपी घालतात. खरंच थांबत नाहीत, चालू लागतात. मग मध्येच त्यांचं पाऊल अडतं. आपांनी पुढं होऊन आवाज वाढवला. वरच्या खिडकीतून मशीनचा आवाज येत होता. आपल्याकडं येतो तसाच, घर्रर, थांब, घर्रर. मामांनी वर बघितलं नाही. ते पुढं गेले, आणि सिनेमा संपला. ती घरी परत गेली नव्हती. त्याला माफ केलं की नाही तेही सांगितलं नव्हतं. मशीन तेवढं तिनं घेतलं होतं. संप फोडणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे म्हणून मी जी बाई कणखर केली होती, तिच्यापेक्षा ही न बोलणारी कितीतरी कणखर निघाली.

सुनंदानं दोरा तोडला, कापडाची घडी घातली. “आपा, उद्या सकाळी येता का माझ्यासंगं येरमाळ्याला?”

“मीबी येते,” मी म्हटलं.

“तू नगं,” सुनंदा म्हणाली. रागानं नाही. नको ते सामान बाजूला ठेवावं तसं.

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. ते मशीनमधली शाई पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, “तुझं काय म्हननं होतं त्या मामाबद्दल?” मी म्हटलं, “फितूर तो फितूर.” “मग लिही की. मी छापतो. खाली सही कर.” मी कागद घेऊन बसले. चार ओळी झाल्या, आणि मामांचा तो मशीनखाली घातलेला पाय आडवा आला. ते पत्रक मी अजून पुरं केलेलं नाही. फितुरीबद्दलचं माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे, पण ते लिहिताना आता वेळ लागतो.

बुधवारी दुपारी एकच्या एस.टी.नं त्या परत आल्या. स्टँडवरून हातगाड्यावर मशीन, एका बाजूला सुनंदा, दुसऱ्या बाजूला आपा. पायडलला माकणीची माती तशीच चिकटलेली होती, पण चाक फिरवून बघितलं तर हलकं फिरत होतं. अख्खा क्लास दारात आला. सुनंदानं कुणाशी न बोलता मशीन भावाच्या घरी नेऊन खिडकीशी मांडलं. मी आपांना गाठलं.

“दीर होता का?”

“न्हवता. एकटाच होता.”

“काय म्हनले ते?”

“मला काय ऐकू येतंय? मी रस्त्याच्या पल्याड हॉटेलात चहा पीत होते. तोंड दिसलं नुसतं.”

“कसं होतं?”

आपांनी विचार केला. “नाक बारीक हाय त्याचं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सुनंदा माकणीला गेली नाही. पुढं चारसहा महिन्यांनी तो टेम्पो कधीमधी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा दिसे. तो माणूस भावाच्या ओट्यावर बसे, चहा पिऊन बशी स्वतः आत नेऊन ठेवी आणि जाई. त्याचं पुढं काय झालं ते सुनंदाचं आहे, माझ्या लिहिण्यात ते येणार नाही. तिच्या दोन मशिनी झाल्या, मग चार.

मी त्यानंतरही स्टुलावर बसून वाचत राहिले, खोकं संपेपर्यंत, फक्त लिहिलेलं. काकू जांभया देत. “पयल्यासारखी मजा न्हाय ऱ्हायली,” असं माझ्या तोंडावर म्हणत आणि तरी येत. एकदा काज करत बसलेल्या सुनंदाशेजारी मी मुद्दाम जाऊन बसले. महिनाभर मनात घोळत होतं. विचारलं, “येरमाळ्याला ते काय बोलले गं?”

तिनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली, दातानं टोक तोडलं.

“तुला न्हाय सांगत,” ती म्हणाली. “तू त्यात तुझं घालशील.”